गुलाबाच्या फोटोमागचा आवाज

माझी बायको कविता वाचत नाही, बोलते. कागद तिच्या हातात नसतोच. उमरेडच्या विणकराच्या घरातली लेक. बोलायला लागली की दोन्ही हात हवेत असे चालतात, जसा काही मागावरचा धोटा इकडून तिकडे जातोय. एखादी ओळ डाव्या हातानं अर्ध्यावर धरून ठेवते. ऐकणारा पुढे झुकला, की उजव्या हातानं सोडून देते. हे मी आज सरळ लिहून राहिलो. एरवी तिच्या तोंडावरही कधी म्हटलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी ती अशा कवितांचे व्हिडिओ ऑनलाइन टाकायची. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवायचा आणि ओट्यापाशीच सुरू. बघणारे थोडेच: माहेरचे लोक, सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बाया, काही अनोळखी. त्यातली एक कविता माझ्यावर होती. भाजीत मीठ कमी पडलं तरी हा माणूस बोलत नाही, नुसतं ताट सरकवतो; मग मी ताट किती सरकलं त्यावरून मीठ मोजते.

ती कविता हिंगण्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये पोहोचली. मागच्या सीटवर कोणीतरी मोठ्यानं लावली. अख्खी बस हसली. पुन्हा लाव म्हणाली. शेजारी बसणाऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या आपल्या वहिनी नाहीत का?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "नाही."

माझं ताट सगळ्या बसनं पाहिलं, असं मला वाटलं होतं. कारण म्हणाल तर एवढंच. घरी येऊन मी तिला दोन शब्द सांगितले: "लोकं हसतात."  त्याच आठवड्यात सगळे व्हिडिओ गेले. मी काढ म्हटलं नव्हतं, ही पळवाट मी बरेच दिवस जपून ठेवली. बसमधले लोक खुशीनं हसले होते, हे तिला कळू दिलं नाही. माझा स्वभावच कमी बोलण्याचा, असं घरचे म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या भावाचा फोन आला. आईचा माग घरातून काढून टाकला होता. बायको कणीक मळत होती. फोन ठेवला आणि कणकेनं भरलेले हात उचलून, समोर कोणी नसताना, बोलायला लागली. मी दारात थांबलो. माग काढता येतो, ती म्हणत होती, पण मागाखाली पाय सोडून बसायचा जो खड्डा आहे, आईच्या पायांचा, तो कुठं नेऊन टाकायचा? बुजवायला माती कोणत्या मापाची आणायची? बोलताना तिनं हातांनी हवेत तो खड्डा एवढा नेमका दाखवला, की मी पाऊल मागे घेतलं. इतक्या वर्षांत तिचं काहीच गंजलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती कविता ऑनलाइन आली. मी उघडली तर पडद्यावर गुलाबाचं फूल, आणि मागून तिचा आवाज. आवाज चांगलाच होता. पण खड्डा दिसत नव्हता.

रविवारी जेवताना मी विचारलं, हे फूल काहून?

"लोकं हसतात ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाली.

घास तसाच ठेवून मी सगळं सांगितलं. बस, शेजारचा, खिडकी, माझं ते "नाही".  मग तिनं जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती.

"कुठं हसले?"

"ताट सरकवतो, तिथं."

"तिथं हसाचंच होतं ना जी," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तं थांबली होती मी तिथं."

ताटं उचलून ती आत गेली. त्यानंतर तीन-चार दिवस कामापुरतंच बोलली. मी समजावायला गेलो नाही. ते तिच्या हक्काचं होतं.

मग एका दुपारी माझ्यासमोर उभी राहिली आणि नवी कविता बोलली. त्यात बस होती. बायकोचा आवाज ऐकू येत असताना खिडकीबाहेर बघणारा नवरा होता. त्याची मान वळते कशी, हे तिनं आपल्या मानेनं दाखवलं, आणि अगदी तशीच वळली असणार. मला लाज वाटली. त्याहून जास्त, खरं सांगतो, वाटलं की हे आपल्याला जन्मात जमलं नसतं.

"टाकू का हे?" तिनं विचारलं. "बसमधले तुमाले ओळखतीन."

मी म्हणालो, टाक. आणि चेहऱ्यासकट टाक.

"चेहरा तं टाकीनच," ती म्हणाली. "त्याचं नाही विचारलं तुमाले."

तिनं घरघरणारा कूलर बंद केला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि सांगितलं, हात पूर्ण दिसले पाहिजेत. घाम डोळ्यांत उतरत होता. मी मोबाइल हलू दिला नाही.