जागच्या जागी

आमच्या मुलुंडच्या घरी कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. काम सुरू करण्याआधी त्याने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. दोन तासांनी सगळं नवं झाल्यावर तो फोटो बघत एकेक आयकॉन जुन्या जागी सरकवत बसला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"काकांना कमी दिसतं ना? ते नाव वाचत नाहीत, जागेवरून क्लिक करतात. मघाशी बघितलं मी."

इतकी वर्षं बाबांसोबत राहून मला हे ठाऊक नव्हतं.

बाबा येऊन बसले. सवयीने कोपऱ्यात क्लिक केलं, त्यांची जुनी गाणी सुरू झाली.

"काहीच बदललं नाही की रे," बाबा जरा हिरमुसून म्हणाले.

"नाही काका," म्हणत तो खुशीत बॅग भरायला लागला.