खोली किती?

बसा, चहा घ्या. पण ऐकताना कप खाली ठेवा, हसताना चहा नाकात गेला तर जिम्मेदारी माझी न्हाई. माझ्या हातून जे झालं ते आमच्या गावाला, अख्ख्या गोरेगावाला ठाऊक हाय. मग तुमच्यापासूनच काहून लपवू?

आधी एक सांगून ठेवतो. मी मराठीचा मास्तर. आन मास्तर तरी कसा? कुणी 'टाइम काय झाला' म्हणून विचारलं की मी आधी 'वेळ म्हणा' म्हणतो आन मग घड्याळ बघतो. तोवर विचारणारा निघून गेलेला असतो.

लग्न झालं, पण सुजाता डोंगरकड्याला माहेरीच राहिली. काहून? तर जागा! माझ्याकडं भाड्याची एकच खोली. दहा बाय दहा. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात पलंग, तिसऱ्यात पाण्याचा ड्रम आन चौथ्यात दार. सुजाता करून राहिली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. तिची पुस्तकं किती? चार पोती! पोती म्हणजे खरोखरची पोती, सोयाबीन भरायची.

सासऱ्यांची शाळा चौथीतच सुटली होती. त्यामुळं लेकीच्या पुस्तकांवर त्यांचा भारी जीव. त्यांनी मला फोनवर बराबर सुनावलं.

"जावई, पलंग नसला तर लेक खाली झोपंन. पण पुस्तकं खाली ठेवायची न्हाईत. मी गव्हाचं पोतं बी फरशीवर ठेवू देत न्हाई, ही तर पुस्तकं हायेत! रविवारी घेऊन येतो. कपाट दिसलं तर लेक ठेवतो, न्हाई तर त्याच जीपनं माघारी."

मागून सुजातानं फोन घेतला. हळूच म्हणली, "अहो, बाबा बोलले म्हंजी बोलले. कपाट कराच. मला यायचंय."

मला यायचंय! लग्न झाल्यापासून इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्यात व्याकरणाची एक बी चूक नव्हती.

तसाच पुसेगावला गेलो, उत्तम मिस्त्रीकडं. पुस्तकांचं कपाट सांगितलं. माणूस सुतारकामाला पक्का. कानावर पेन्सिल ठेवून म्हणला, "सर, हाइट, विड्थ आन डेप सांगा. रविवारी सकाळी कपाट दारात."

झालं! माझ्यातला मास्तर उठला.

"मिस्त्री, हाइट काय, विड्थ काय? मराठी माणूस ना तुमी? उंची म्हणा, रुंदी म्हणा. आपल्या भाषेत शब्द न्हाईत का?"

बिचारा वरमला. तिसरा शब्द मी सांगायच्या आत गोरेगावची जीप सुटायला लागली, मी पळालो. जाता जाता वरडलो, "मापं फोनवर सांगतो!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला.

"सर, आज सुद्ध मराठीत इचारतो हं. उंची?"

"सात फूट."

"रुंदी?"

"पाच."

"आन खोली?"

"दहा."

पलीकडं पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला.

"दहा फूट? नक्की ना, सर?"

"अहो, मी स्वतः टेपनं मोजलीय. लहान हाय, पण काय करता!"

"लहान?... सर, पुस्तकाला एक फूट लई झाली."

"निस्ती पुस्तकं न्हाईत, मिस्त्री. आमी दोघं बी तिथंच राहणार. झोपणं, सैपाक, समदं तिथंच."

"बरं... मग हवेचं कसं?"

"एक खिडकी."

"लिहितो, खिडकी एक. दाराला कडी आतून का बाहेरून?"

मला वाटलं, किती भला माणूस! नव्या नवरीची काळजी करून राहिला. म्हणलं, "दोन्हीकडून."

"पंख्याला हूक?"

"मधोमध."

मिस्त्री जरा घुटमळला. "सर, तकलीफ काय असंन ती असू द्या. पण वहिनीला हे ठाऊक हाय ना?"

"तिलाच तर यायची घाई झालीय!"

"शिकलेल्या लोकांचं येगळंच असतं बा," म्हणला आन फोन ठेवून दिला.

तुमच्या ध्यानात आलं ना? आलंच असंन! तुमी साधी माणसं हाव. मी मराठीचा मास्तर, मला कसं येणार?

रविवार उजाडला. मी फरशी पुसली, भिंतीजवळ कपाटाची जागा मोकळी केली, नवा शर्ट घातला. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला आन घरमालकीण सुमनकाकू वरडल्या, "सर! अवो सर! आपल्या दारात कुणाचं तरी घर आलंय!"

बाहेर येऊन बघतो तर ट्रॉलीवर लाकडाचं एक घर! पाच फूट रुंद, सात फूट उंच, दहा फूट लांब. त्याला खिडकी, खिडकीला गज, आत दोन्ही बाजूंनी फळ्या. मागं गावातली पाचपंचवीस माणसं. एकानं इचारलं, "सर, हाटेल टाकता का?" दुसऱ्यानं पहिल्या चहाची ऑर्डर बी दिली.

"मिस्त्री, हे काय हाय?"

"कपाट."

"कपाट? ह्यात म्हैस मावंन!"

"म्हशीचं तुमी बोलले नव्हते, सर," मिस्त्री गंभीरपणे म्हणला. "तुमी निस्तं दोघं जण म्हणले होते."

आन त्यानं वही काढली. "उंची सात, रुंदी पाच, खोली दहा. तुमीच ना म्हणले, मराठीत बोला? मी ज्याला आजवर डेप म्हणायचो, त्याला मराठीत काय म्हणत्यात हे मी पोरीला इचारलं. ती तुमच्याच शाळेत हाय. म्हणली, खोली. तिला तुमीच शिकवलं."

व्हय, मीच शिकवलं होतं! एका शब्दाचे अनेक अर्थ. त्याच आठवड्यात!

कपाट तर माझ्या दारातून आत जाणं शक्यच नव्हतं. पंधरा जणांनी धरून ते अंगणात उतरवलं. आन नेमकी तेवढ्यात जीप थांबली.

सासरे उतरले. मागून सुजाता, मागून चार पोती. जीपवाल्यानं इंजिन बी बंद केलं नव्हतं, सासऱ्यांनीच सांगितलं असणार.

"जय भीम, जावई!" म्हणाले आन अंगणातलं दार उघडं बघून सरळ कपाटात शिरले!

आत फिरले. खिडकी उघडून बघितली. कडी आतून लावली, बाहेर येऊन बाहेरून लावली. वर पंख्याचा हूक बघितला. तोंडावर समाधान.

"खोली झकास हाय," म्हणाले. "कोरी करकरीत. हवाशीर. पण जावई, कपाट कुठाय?"

सुमनकाकूंनी तोंडात पदर कोंबला. मिस्त्री आभाळाकडं बघू लागला. आन मी? डोक्यात एकच, जीप चालू हाय, सुजाता माघारी जाणार! घाबरलेला माणूस काय बी बोलतो. मी माझ्या खोलीकडं बोट केलं.

"कपाट ते तिकडं, मामा."

सासऱ्यांनी आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जावई," ते म्हणाले, "कपाटात गॅस काहून ठेवलाय?"

मग मात्र मिस्त्रीला राहवलं न्हाई. त्यानं वही उघडून समदं वाचून दाखवलं, माझ्या आवाजात! सुजाता हसत हसत खालीच बसली. सासरे हसले न्हाईत. जीपकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं, म्हणाले, "पोरी, चल माघारी. ह्या माणसाला कपाट आन घर यातला फरक कळत न्हाई."

पण सुजाता उठली, कपाटात गेली, फळ्यांवरून हात फिरवला.

"बाबा, जीप जाऊ द्या," ती म्हणली. "समद्या पोरींना एक खोली भेटत न्हाई, मला दोन भेटल्या. पोती उतरवा."

मी मिस्त्रीच्या गळ्यातच पडायचा बाकी होतो!

त्या दिवसापासून पुस्तकं तिथं, अभ्यास तिथं. ती आतून कडी लावून बसती. संध्याकाळी भाकरी मीच करतो आन हाक मारायला जातो.

परवाही गेलो. "सुजाता, जेवायला खोलीत ये."

आतून आवाज आला, "सर, मोघम बोलू नका. कोणत्या अर्थानं?"

आन खरं सांगू? मराठीचा मास्तर दारात उभा राहून म्हणला, "रूममधी."