फूटभर जास्त लांब पलंग

कॉटन ग्रीनला माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक गृहस्थ रोज दिसायचे. लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक गोदामाच्या भिंतीशी उभा करून त्याच्या मागच्या भागात ते राहण्याजोगी खोली बांधत होते. साठी उलटलेली, कानावर पेन्सिल. प्रत्येक फळी ठोकली की तिच्यावर मूठ आपटून पाहायचे, मगच पुढची.

मी मोजमापाचा माणूस. एकदा न राहवून आत डोकावलो. दारापर्यंत आलेला एकच पलंग होता आणि तोही त्यांच्या उंचीपेक्षा चांगला फूटभर लांब.

"काका, माप चुकलंय का?"

"सांगा त्यांना!" खाली उभा असलेला त्यांचा पुतण्या म्हणाला. "चार बर्थ बसतात यात. टुरिस्टना भाड्याने देऊ म्हणतोय, तर ऐकत नाहीत."

काकांनी तोंडात धरलेला खिळा काढला. "घोडपदेवला चाळीतल्या एका खोलीत आम्ही अकरा जण. मी गॅलरीत झोपायचो. कोणी नळावर निघालं की पाय जवळ घ्यायचे. अजून झोपेत घेतो. आता नाही घेणार. या ट्रकची चारही चाकं ओढतात, चिखलातूनही निघतो. रस्ता संपेल तिथून पुढे जाईन आणि पाय पसरून झोपेन."

"या वयात?" पुतण्या हसला.

"याच वयात."

निघायच्या दिवशी ते पलंगावर आडवे झाले होते. पुतण्या पाण्याचा कॅन घेऊन आत चढला.

"काका, पाय घ्या जरा."

काकांनी घेतले नाहीत. पुतण्यालाच अंग चोरून पुढे जावं लागलं.