शिवीनंतरची चूळ

तमाम वाचकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खाली नमूद केलेला पितळी तांब्या हा माझ्या नोकरीतला सर्वांत विश्वासू साक्षीदार होता. त्याने जबाब कधीच फिरवला नाही. सत्तरच्या दशकातली ती घटना त्या तांब्यासकट आजही डोळ्यांपुढे उभी राहते.

नागपूरजवळ वाडीला मालवाहतुकीच्या गोदामांची रांग आहे. तिथल्या एका कचेरीत बावीस वर्षांची मुलगी फोन घ्यायला होती. रोज अकराच्या सुमारास एक पुरुष तिला फोनवर इतकं घाण बोलायचा की, जबाब लिहिताना आमचा हवालदार कानापर्यंत लाल झाला. फोन उचलणं हीच तिची नोकरी. मालक म्हणाला, "तुझ्या ओळखीचाच असेल." सख्खा भाऊ म्हणाला, "तू बोलल्याबिगर थो काहून बोलीन वं?"

तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी ती ढेकणाचं औषध प्यायली.

ती सरकारी दवाखान्यात मरणाशी झगडत होती आणि माझ्यापुढे फक्त तिचा जबाब होता. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: 'शिवी दिल्यावर चूळ भरल्याचा आवाज आला.'

हवालदाराने ते गोदामासमोरच्या चहावाल्याला सहज विचारलं. तो हसायलाच लागला. "चूळ? थो पलीकडच्या गोदामातला बाबू! देवमाणूस जी, बाईकडे मान वर करून पाहत नाही. एकदा त्याच्या पायावर सायकल पडली, तोंडून शिवी गेली, त चुळा भरू भरू माहा माठ रिकामा केला!"

चुळीवर अटक करता येत नाही. शिकलेला माणूस हवा असं निमित्त सांगून मी त्या बाबूला पंच म्हणून ठाण्यात बोलावलं. पस्तिशीचा, अविवाहित, कपाळावर ठसठशीत गंध. टेबलावर तांब्या भरून ठेवला आणि जबाब त्याच्या हातात दिला. "जरा मोठ्यानं वाचा. आमच्या हवालदाराचं अक्षर मला लागत नाही."

पहिल्या घाणेरड्या शब्दाला तो अडखळला. हात आपोआप तांब्याकडे गेला. खिडकीबाहेर चूळ टाकून तो पुन्हा वाचू लागला. दुसरा शब्द, दुसरी चूळ. तिसऱ्या वेळी तांब्या हातात असतानाच त्याने पुढची ओळ वाचली: 'शिवी दिल्यावर चूळ भरल्याचा आवाज...'

तो थांबला. तांब्या त्याने टेबलावर परत ठेवला.

"घरी शिवी निघाली का चूळ भरेपर्यंत जेवण नाही भेटे, साहेब," तो पुटपुटला. "बाई समोर आली का खाली पाहा लागे. फोनवर कोणी पाहत नाही."

"आणि ती पोरगी?"

"मी त लगेच तोंड धुतो जी!"

तो खोटं बोलत नव्हता. धुतलेल्या तोंडाने तो दुपारी डबा खायचा, संध्याकाळी आरती म्हणायचा. त्या दिवसापासून माझ्या पोरांनी शिवी दिली, तर तोंड धू असं मी कधी सांगितलं नाही. कोणाला दिलीस, तेवढं विचारलं आणि त्याच्या दारात नेऊन उभं केलं.

मुलगी वाचली, पण घसा जळाला होता. आवाज कायमचा गेला.

बाबूचे वडील ठाण्यात आले तेव्हा मी त्यांना सारं सांगितलं. गुन्हा, कलम, औषध, तिचा आवाज. म्हातारा एकदम बोलून गेला,

"पण साहेब, चूळ त भरली होती ना त्यानं?"