गिरणीच्या जागेतली बोहनी

ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला की काचीगुड्यातलं माझं पहिलं दुकान आठवतं. बंद पडलेल्या गिरणीची जागा मी गिरणीवाल्याशी तीन दिवस घासाघीस करून घेतली आणि तिथं एसटीडी बूथ टाकला. गिरणी बंद झाल्याचं जुन्या गिऱ्हाइकांना कळवायचं त्याने कबूल केलं होतं, कळवलं नाही. पहिल्याच सकाळी, बोहनी व्हायच्या आधी, एका म्हातारीने ज्वारीचा डबा थेट फोनशेजारी ठेवला. मी भडकलो, "आजी, इथं आता दळण नाही, फोन आहे!" ती शांतपणे म्हणाली, "बोहनीच्या वेळेला ओरडू नको रे. फोन तर फोन. परभणीला माझ्या लेकीला लाव." पाच मिनिटं ती मनसोक्त बोलली. निघताना डबा उचलायला गेली, तसा तो मीच घेतला आणि धुसफुसत पुढच्या गल्लीतल्या गिरणीत पोचवून आलो. पुढे त्याच जागेत झेरॉक्स टाकलं, मग मोबाइल. गिरणीवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही; पण त्याचं एकही गिऱ्हाईक मी सोडलं नाही.