रेंज नाही, असं मी सांगत आलो

रिसोडच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली ती भास्करने. माझा धाकटा भाऊ, तेव्हा सोळा वर्षांचा. मी तेवीस. माय पहाटे भाजी घेऊन बाजारात आली होती, ती तिथून थेट स्टँडवर आली; नखांत मळ्याची माती तशीच. वडील आधीच वारले होते. आता भाजीचा मळा ती आणि भास्कर पाहणार होते आणि मी पुण्याच्या एका कचेरीत कारकून होणार होतो. बस हलली तरी माय खिडकीची दांडी धरून चार पावलं चालली. "रजा भेटली का येत जाय," एवढंच म्हणाली.

नोकरी तेव्हा एका जागी असायची आणि माणूस तिच्याकडे जायचा. त्यामुळे गावाला न जाण्याचं कारण शोधावं लागत नसे. रजा नाही म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. दिवाळीचे चार दिवस, कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, एवढ्यावर माझी सगळी वर्षं निभावली. निवृत्त झालो तेव्हा पत्नी सुमन आजारी होती, ते कारण पुरलं. सुमन गेली आणि माझ्याकडे एकही खरं कारण उरलं नाही.

माझी मुलगी अर्चना एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेली काही वर्षं तिचं ऑफिस तिच्या पाठीवरच्या बॅगेत असतं. लॅपटॉप, हेडफोन, एक छोटा राउटर, एवढं घेतलं की झालं. महिनाभर कोकणात राहायचं, महिनाभर कुर्गला. सकाळी काम, संध्याकाळी भटकंती. ती याला वर्केशन म्हणते. मी एकटा पडलो तशी ती मलाही सोबत नेऊ लागली. पहिल्याच वेळी तिने विचारलं होतं, "बाबा, कोकण कशाला? तुमच्या गावी जाऊ. मी कुठूनही काम करू शकते."

"तिथे रेंज नाही," मी म्हणालो. "वीजही धड नसते."

गावी भास्कर फोनवर विचारायचा, पोरीले घेऊन कधी येतं? त्याला मी सांगायचो, तिचं ऑफिस बाहेरगावी जाऊ देत नाही. हे मी त्याला एकदा समुद्राकडे पाठ करून, लाटांचा आवाज जाऊ नये म्हणून फोनवर हात धरून सांगितलं आहे.

गेल्या वर्षी आम्ही हिमाचलात होतो. डोंगराच्या उतारावर लाकडी घर, खाली सफरचंदाची बाग. आमच्यासारखीच दोन-तीन कुटुंबं, सगळी लॅपटॉप उघडून गॅलरीत बसलेली. वीज रोज जायची. नेट गेलं की अर्चना लॅपटॉप घेऊन वरच्या रस्त्याच्या वळणावर जाऊन बसायची, गुडघ्यावर शाल पांघरून, आणि तिथून आपल्या लोकांशी हसत बोलायची. मी गॅलरीतून ते पाहायचो. अनोळखी माणसांच्या गावात ती एवढं सोसत होती, आणि तेवढंच सोसण्याची वेळ माझ्या गावात येईल असं सांगून मी तिला तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

एका दुपारी भास्करचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा हा पहिलाच.

"दादा, मी दिसून राह्यलो का? हे पाह्य, घरी नेट घेतलं. आता तिच्या ऑफिसवाल्याइले सांग म्हणा, रेंजले तोटा नाही." मग त्याने फोन फिरवला. माय ज्या खोलीत राहायची तिथे जुन्या दाराच्या फळीचं टेबल होतं. खिडकीला नवा पडदा. "खुर्ची बी आणली, गोल फिरते तशी. मी बसून पाह्यलं, पडता पडता वाचलो."

तो बोलत राहिला. आमच्या भागात शेतीची लाइन ठरावीक तास येते. ती आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरातले दिवे मंद होतात. त्याने त्याचाही विचार केला होता. "शेजारच्या चारही मळेवाल्याइले सांगून ठेवलं, पोरीची मिटिंग असली का मोटर लावू नोका. गजानन म्हणे, मिटिंग हाये का लगन? मी म्हटलं, लगनापरीस मोठी गोष्ट हाये. पण कबूल झाले सारे."

अर्चना माझ्या मागे उभी होती. मला कळलं नव्हतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, तुमच्याकडे नेट आहे?"

"हाये ना माय. पण तुये बाबा म्हणते का तुयं ऑफिस कुठीच जाऊ देत नाही. तू घरीच हायेस ना पुण्यात? मांगं पहाड कायचा दिसून राह्यला?"

ती "काका, मी नंतर फोन करते," म्हणाली, आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "का, बाबा?"

मी तिला तेव्हा जे सांगितलं ते इथे लिहितो.

अर्चना सहा वर्षांची असताना माय आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. कायमची. सुमननेच आग्रह करून बोलावली होती. दोन खोल्यांत माय काय करणार? आयुष्यभर भाजी लावली, तोडली, विकली. आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसायची. माय दुपारी तिच्याजवळ जाऊन बसू लागली. तिची कोथिंबीर निवडायची, जुड्या बांधायची, सुकत चाललेल्या पालकावर पाणी मारायची. हळूहळू गिऱ्हाइकांशी बोलूही लागली. तिचा आवाज पुन्हा मोकळा झाला होता.

एक दिवस आमचे साहेब कचेरीत सगळ्यांदेखत म्हणाले, "काल तुमच्या आईकडून मेथी घेतली. छान निवडून देतात." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बाकीचे हसले, तेही सहजच असेल. मला मात्र मान वर करता येईना. चौथ्या दिवशी मी मायेला वाशिमच्या गाडीत बसवलं. सुमन माहेरी गेली होती, अर्चना शाळेत होती. तो दिवस मी बघूनच निवडला होता. माय एवढंच म्हणाली, "मी तं नुसत्या जुड्या बांधत होतो, बापू." मी तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरलो.

मग मी दोन गोष्टी रचल्या. अर्चना शाळेतून आल्यावर आजीला शोधू लागली, तेव्हा तिला आणि सुमनला सांगितलं की भास्करने मायेला मळ्याच्या कामासाठी बोलावून घेतलं. त्याला फुकटचं माणूस हवं आहे. आणि भास्करला कळवलं की सुमनचं आणि मायेचं पटत नाही. मायेने मला खोटं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी माय गेली. दहाव्याला सुमन माझ्यासोबत आली, तेव्हा घरातल्या बायका तिच्यापासून सरकून बसल्या. कुणी तिच्याशी बोललं नाही. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "मी काय केलं हो यांचं?" मी म्हणालो, गावची माणसं तशीच असतात. त्यानंतर ती कधी गावाला आली नाही आणि मीही कधी आग्रह केला नाही. काहीही कळल्याशिवाय ती गेली. अर्चना मात्र मोठी होत गेली ती काकाने आजीला नेलं हा राग मनात ठेवून. अलीकडे तो निवला होता, म्हणून तर ती गावी जाऊ म्हणत होती. तीन-चार आठवडे ती त्या घरात राहिली असती तर कुणीतरी सुमनचं नाव काढलंच असतं, आणि माझ्या दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर समोरासमोर आल्या असत्या. मी रेंज नाही म्हणत होतो ते यासाठी.

अर्चनाने सगळं ऐकून घेतलं. मग तिची मिटिंग होती, तिथे गेली. नेहमीच्याच आवाजात बोलली. पुढचे दोन दिवस तिने मला गोळ्या घेतल्या का याखेरीज काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्हाला पुण्याला सोडते आणि मी गावी जाते. तिथूनच काम करीन."

"मी येऊ?"

"आधी लिहा. मला सांगितलंत तसं. काकाला मी काही सांगणार नाही, आईबद्दल तुम्ही बोललात ते तुम्हीच खोडायचं."

लिहायला मला बरेच महिने लागले. या काळात ती गावी तीनदा राहून आली. फोनवर तिच्या मिटिंगच्या मागे कोंबड्या ऐकू येतात. संध्याकाळी काम आटोपलं की ती मळ्यात वांगी तोडायला जाते. एकदा भास्करसोबत पोहरादेवीच्या दर्शनाला जाऊन आली. तिच्या आईने आजीला घरात टिकू दिलं नाही, हे तिला तिथे रोज ऐकावं लागतं आणि माझ्यासाठी ती गप्प बसते. हे मला पुण्यात बसून सोसत नाही.

बाहेर राहून गावाबद्दल लिहिणाऱ्यांना घर सुटल्याचं दुःख असतं. माझं घर सुटलं नाही, मी ते दोन बाजूंनी बंद केलं. माझ्यासारखे इतरही कुणी असतील, ज्यांची मुलं आता काम बॅगेत घालून कुठेही राहू शकतात. त्यांना एवढंच सांगतो, की रजा नसणं ही आपली सोय होती. ती आता गेली आहे.

भास्कर, हे अर्चना तुला वाचून दाखवील. मळेवाल्यांनाही बोलाव, आणि दहाव्याला सुमनपासून सरकून बसलेल्या ज्या बाया आज हयात आहेत, त्यांनाही. सुमनने मायेला घालवलं नाही. तिने तिला बोलावलं होतं. घालवलं मी, आणि नाव तिचं लावलं.

घर म्हणजे काय, हे मला आता एवढंच कळतं: जिथे हे वाचून झाल्यावरही कुणी मला बस म्हणेल ती जागा. तशी ती आहे की नाही, मला माहीत नाही. मी बॅग भरलेली नाही. ऐकून झाल्यावर तू फोन कर. ये म्हणालास तर येईन. नको म्हणालास तर तेही बरोबरच असेल. पण तुझी वहिनी तशी नव्हती, हे तेवढं तू तुझ्या तोंडाने गावात सांग.