कोविड वॉर्डातली हळद

परवा सासूबाई आणि मी अंगणात ताडपत्रीवर उकडलेली हळद पसरत होतो आणि त्या एकदम हसायला लागल्या. कशाला हसल्या, ते मला विचारावं लागलं नाही...

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघी अनसिंगहून वाशीमच्या कोविड सेंटरला दाखल झालो होतो. आमचे हे वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघीच उरलेल्या. मला नुसता ताप होता, सासूबाईंचा ऑक्सिजन मात्र उतरत चालला होता.

डॉक्टर सांगायचे, पालथं झोपा, श्वासाला बरं पडतं. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. "पालथं झोपणं अशुभ असते. माह्या घरात अशुभ काय कमी झालं?" असं म्हणून उताण्याच पडून राहायच्या. मी हात जोडले, रडले... या गेल्या तर घरी जाऊन हाक कुणाला मारायची, एवढंच डोक्यात घुमत होतं.

समोरच्या कॉटवर एक बारीकशी म्हातारी होती, आमच्यासारखीच मळ्यातली. ती थांबत थांबत म्हणाली, "काहून वो बाई... तुमच्या घरी हळद पिकते का?"

"पिकते ना," सासूबाई म्हणाल्या.

"वाळू घातली का पलटवता... का एकाच अंगावर ठेवता?"

सासूबाईंना रागच आला. "पलटवतो ना! नाही पलटवली त बुरशी नाही लागणार? आमच्या हळदीले आजवर बुरशी लागली नाही!"

"मंग आता तुले लागू द्यायची हाय काय?... पलट ना माय!"

सगळा वॉर्ड मास्कच्या आत हसला. सासूबाईही हसल्या, खोकल्या... आणि पुटपुटत पालथ्या झाल्या.

मग सिस्टर आल्या की ती म्हातारी कॉटवरूनच म्हणायची, "बायांनो, हळद पलटवा वो!" आणि आम्ही सगळ्या वळायचो. हळूहळू सासूबाईंचा आकडा चढायला लागला.

मी तिचे आभार मानायला गेले. तिच्या बोटावरच्या मशीनकडे नजर गेली. तिचा ऑक्सिजन सासूबाईंपेक्षा कितीतरी खाली होता. ती थांबत थांबत बोलायची ती त्यामुळे... आम्हाला वाटलं होतं, बोलायची ढबच तशी आहे.

तिनं दुसऱ्या हातानं ते मशीन झाकलं. "इकडे काय पाह्यतं? तुह्या सासूकडे पाह्य... पुन्हा उताणी झाली."

दुसऱ्या दिवशी तिला अकोल्याला हलवलं. पुढे काय झालं, ते कळलं नाही. नाव विचारायचंही राहून गेलं.

माझी शाळा सातवीतच सुटली, पण हे गेल्यापासून मिळेल ते पुस्तक वाचते. शूर माणसांबद्दल पुष्कळ वाचलं... पण स्वतःला श्वास पुरत नसताना तो दुसरीला हसवण्यात घालवणारी बाई मी एकदाच पाहिली.